आतला कोड बाहेर काढताना: आठ महिन्यांची हकीकत

१६ सप्टेंबरच्या दुपारी मी आमचा रेपो, म्हणजे आमच्या एका साधनाचा कोड ठेवलेली जागा, खासगीवरून सार्वजनिक केला. सेटिंगमध्ये अगदी तळाशी एक लाल चौकट असते. तिथे रेपोचं नाव पुन्हा टाइप करायचं आणि बटण दाबायचं, एवढंच काम. त्या बटणापर्यंत पोचायला आठ महिने आणि तीन दिवस लागले. जानेवारीत प्रस्ताव लिहिताना कालावधीच्या रकान्यात मी 'अंदाजे तीन आठवडे' असं भरलं होतं, आणि ते अगदी मनापासून भरलं होतं. आपल्या कंपनीत तयार झालेलं एखादं साधन ओपन सोर्स करावं, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना बघायला, बदलायला आणि वापरायला खुला करावा, असं कुणाच्या मनात असेल, तर वाटेत काय काय आडवं येतं हे त्याला आधी ठाऊक असावं, म्हणून हे लिहायला बसले.

साधन तसं छोटं आहे. ग्राहकांच्या जुन्या सिस्टिममधून निघालेल्या फाइल्स आमच्याकडे येतात. एकीत तारीख आधी महिना मग दिवस अशी, दुसरीत आधी दिवस मग महिना. कुठे आकड्यामागे डोळ्यांना न दिसणारी मोकळी जागा, कुठे अर्धी फाइल एका एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) आणि अर्धी दुसऱ्या. हे सगळं ओळखून डेटा एकसारखा करणारा हा प्रोग्राम आहे. आमच्याकडे सगळे त्याला 'गाळणी' म्हणतात. सहा वर्षांत तो नऊ जणांच्या हातांखालून गेला आणि शेवटची तीन वर्षं माझ्याकडे आहे.

ओपन सोर्स करायचं मनात यायला दोन कारणं झाली. तीन वेगवेगळ्या ग्राहकांनी विचारलं होतं की आमचा डेटा तुमच्या हाती देण्याआधी तुमची गाळणी त्याचं नेमकं काय करते ते आम्हाला बघता येईल का. प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसरं कारण जास्त जिव्हारी लागलेलं. आम्ही वापरत असलेल्या एका लायब्ररीची, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडची, नवी आवृत्ती आली आणि तिच्यासोबतचं लायसन्स (वापरायच्या अटी) वेगळंच निघालं. कालपर्यंत मोकळी असलेली गोष्ट आता विशिष्ट धंद्यांना वापरायला बंदी. आम्ही जुन्या आवृत्तीवर थांबलो आणि पाच आठवडे घालवून तिच्या फोर्कवर, म्हणजे जुन्या कोडवरून इतरांनी चालू ठेवलेल्या वेगळ्या शाखेवर, गेलो. त्या पाच आठवड्यांत रोज रात्री मी अशाच आधीच्या कहाण्या वाचत होते. मोंगोडीबी या डेटाबेसने ऑक्टोबर २०१८ मध्ये लायसन्स बदललं, इलॅस्टिकसर्च या शोधयंत्रणेने जानेवारी २०२१ मध्ये, हॅशिकॉर्प कंपनीच्या टेराफॉर्म या सर्व्हर उभारायच्या साधनाचं ऑगस्ट २०२३ मध्ये बदललं आणि त्यातून ओपनटोफू हा फोर्क निघाला. मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसची पाळी आली आणि आठवडाभरात व्हॅल्की हा त्याचा फोर्क उभा राहिला. बदलणाऱ्या कंपन्यांचं गाऱ्हाणंही खोटं नाही: मोठ्या क्लाउड कंपन्या तोच कोड सेवा म्हणून विकतात आणि मूळ घरात फारसं काही परत येत नाही. पण ज्यांनी भरवशावर आपलं काम त्यावर उभं केलं, त्यांना यात कुणी विचारत नाही. आपण काही खुलं केलंच, तर आपल्या हातून कुणावर अशी पाळी येऊ नये, हे मी तेव्हाच मनाशी धरलं होतं.

१३ जानेवारीला प्रस्ताव दिला. २७ जानेवारीला बैठक. विक्रीप्रमुखांचा पहिलाच प्रश्न: "स्पर्धकांनी उचललं तर?" हा प्रश्न येणार हे माहीत होतं, तरी छातीत धडधड व्हायची ती झालीच. मी एवढंच म्हटलं की ग्राहक आपल्याला पैसे देतात ते गाळणीसाठी नाही. गाळलेला डेटा पुढे जी सेवा चालवतो तिच्यासाठी देतात. आयबीएमने २००० सालच्या अखेरीस पुढच्या वर्षात लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर एक अब्ज डॉलर खर्च करायचं जाहीर केलं, तेव्हा ते लिनक्स विकणार नव्हतेच, त्यांना यंत्रं आणि सेवा विकायच्या होत्या. आपला पैसा जिथे नाही तिथला कोड खुला करणं हा धंद्याचाच हिशोब असतो. तो उघड मांडावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

त्यांचा दुसरा मुद्दा मात्र मला निरुत्तर करून गेला. ते म्हणाले, "मग अँड्रॉइडसारखं करू. कोड खुला, पण नाड्या आपल्या हातात." त्यांना हे कौतुकाने म्हणायचं होतं. अँड्रॉइडचा गाभा खुला आहे, पण गूगलची ॲप्स आधीपासून घालून हवी असतील तर फोन बनवणाऱ्यांना करार करावे लागत, आणि त्या करारांत अँड्रॉइडच्या फोर्कवर चालणारी उपकरणं विकायला मनाई होती. युरोपीय आयोगाने जुलै २०१८ मध्ये गूगलला ४.३४ अब्ज युरोचा दंड केला त्यात हाही एक मुद्दा होता. न्यायालयाने २०२२ मध्ये तो थोडा कमी केला, निकाल मात्र बहुतांशी कायम ठेवला. म्हणजे लायसन्स खुलं असलं की बाजार खुला होतो असं नाही. नाडी कुठे आहे ते बघावं लागतं: नावात, करारात, की कोड देणाऱ्यांकडून घेतलेल्या सह्यांत. त्या दिवशी हे मला नीट बोलता आलं नाही. घरी आल्यावर सुचलं, आणि पुढचे सहा महिने तेच डोक्यात राहिलं.

बैठकीतून तत्त्वतः होकार मिळाला आणि कागद कंपनीच्या वकीलबाईंकडे गेले. त्यानंतर चार आठवडे काहीच नाही. मी दर सोमवारी आठवण करत होते आणि दर वेळी "रांगेत आहे" असं उत्तर येत होतं. खरं सांगते, त्या दिवसांत मी दोनदा प्रस्ताव मागे घेणार होते. २४ फेब्रुवारीला उत्तर आलं: २६ प्रश्नांची यादी. पहिलाच प्रश्न असा: "हा कोड आपल्या मालकीचा आहे हे कशावरून?"

मला तो प्रश्न आधी हास्यास्पद वाटला. आमच्याच लोकांनी लिहिलाय, आमच्याच सर्व्हरवर आहे, अजून काय हवं? पण सांगून टाकते, पुढचे सगळे महिने त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यातच गेले. खुलं करायचं म्हणजे वापरायचे हक्क इतरांना द्यायचे, आणि जे आपलं नाही ते देता येत नाही.

मार्च महिना गिटच्या, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या, इतिहासात गेला. २,३१४ कमिट, म्हणजे तेवढे नोंदलेले बदल. गुपितं शोधणारी साधनं मिळतात, त्यांतली दोन चालवली, आणि २०१९ च्या एका कमिटमध्ये स्टोरेजची ॲक्सेस की (डेटाच्या साठ्यात शिरायची किल्ली) सापडली. पुढच्याच कमिटमध्ये ती काढून टाकली होती, पण इतिहासात होतीच. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: अशी की सापडली तर आधी ती रद्द करून नवी घ्यायची, मग इतिहास धुवायचा. उलट क्रमाने केलंत तर कुणाच्या तरी लॅपटॉपवरच्या जुन्या क्लोनमध्ये (रेपोच्या प्रतीत) ती जिवंत राहते. आमची ती जुनी की तोवर चालू होती. साडेपाच वर्षं.

त्याहून वाईट गोष्ट चाचण्यांच्या फोल्डरमध्ये निघाली. 'नमुना' नावाची एक फाइल, आणि तिच्यात खऱ्या ४१२ माणसांची नावं, जन्मतारखा आणि पत्ते. कुणीतरी घाईत एका ग्राहकाच्या फाइलचा तुकडा चाचणीसाठी टाकला होता आणि तो तिथेच राहिला. मी ती फाइल उघडली आणि बराच वेळ नुसती बघत राहिले. हे जर आम्ही तीन आठवड्यांत उरकलं असतं तर ती माणसं अख्ख्या जगासमोर गेली असती. त्याच दिवशी गोपनीयतेचं काम बघणाऱ्या सहकाऱ्याला कळवलं, त्यांनी ग्राहकाला कळवलं. इतिहासातून ती फाइल गिट फिल्टर-रेपो हे इतिहास धुण्याचं साधन वापरून काढली. संपूर्ण इतिहास टाकून कोऱ्या पहिल्या कमिटपासून सुरुवात करा असं बरेच जण सुचवतात, ते सोपंही आहे. आम्ही तसं केलं नाही, कारण मग त्या नऊ जणांची नावं पुसली गेली असती आणि सगळा कोड माझ्याच नावावर दिसला असता.

खऱ्या नमुन्यांच्या जागी बनावट नमुने करायला आठ दिवस लागले. खोटी नावं तयार करणं सोपं, खरा गोंधळ तयार करणं अवघड. माणसं फाइलमध्ये ज्या चुका करतात त्या मुद्दाम सुचत नाहीत.

एप्रिलमध्ये डिपेंडन्सी, म्हणजे आपला कोड ज्यांवर अवलंबून असतो त्या लायब्ररी. थेट वापरातल्या २२ लायब्ररी, आणि त्यांच्या पोटातल्या धरून १४३. लायसन्सची यादी काढून देणारी साधनं आहेत, पण ती पॅकेजच्या माहितीत जे लिहिलंय तेवढंच वाचतात. १४३ पैकी १३१ त्या यादीवर सुटल्या, उरलेल्या १२ हाताने बघाव्या लागल्या. एका लायब्ररीच्या वाचा-मला फाइलमध्ये 'लायसन्स: एमआयटी' (एका सैल लायसन्सचं नाव) एवढंच होतं, मजकूर कुठेच नाही. एकीला लायसन्सच नव्हतं. बऱ्याच जणांना वाटतं की लायसन्स नाही म्हणजे कुणीही वापरा. ते अगदी उलट आहे, लायसन्स नाही म्हणजे सगळे हक्क राखीव. जेसन या डेटा लिहायच्या पद्धतीची एक जुनी लायब्ररी अशी निघाली की तिच्या लायसन्समध्ये 'हे सॉफ्टवेअर चांगल्या कामासाठी वापरावं, वाईट कामासाठी नाही' असं कलम आहे. वाचायला छान वाटतं, पण वापरावर अशी अट घातली की ते ओपन सोर्स राहत नाही, कारण चांगलं काय आणि वाईट काय हे कोण ठरवणार? ती काढून दुसरी घातली. एमआयटी लिहिणाऱ्या लेखकाला ९ एप्रिलला नम्रपणे विचारलं, २६ एप्रिलला त्याने लायसन्सची फाइल घातली आणि एका ओळीत "विसरलो होतो, आभार" असं कळवलं. अशा कामात लोकांना लिहायला संकोच करू नका. बहुतेक जण चांगले असतात, फक्त त्यांना वेळ नसतो.

तीन लायब्ररींचा कोड तर आमच्या कुणीतरी थेट आमच्या फोल्डरमध्ये कॉपी केला होता, आणि तसं करताना वरच्या कॉपीराइटच्या ओळी उडवल्या होत्या. मला ती किरकोळ बाब वाटली. वकीलबाईंना वाटली नाही. त्यांनी मला २००८ चा एक अमेरिकन निकाल सांगितला: खेळण्यातल्या रेल्वेगाड्या चालवणाऱ्या एका खुल्या सॉफ्टवेअरचा कोड एका कंपनीने नावं वगळून वापरला, आणि अपील न्यायालयाने म्हटलं की कोड फुकट असला तरी लायसन्सच्या अटी मोडणं म्हणजे कॉपीराइटचा भंग होऊ शकतो. "पैसे मागितले नाहीत म्हणजे काहीच मागितलं नाही असं होत नाही," त्या म्हणाल्या. मूळ रेपो शोधून ओळी जागच्या जागी लावल्या.

आणि एक ३८ ओळींचं फंक्शन. कॉमेंटसकट एका प्रश्नोत्तरांच्या साइटवरून उचललेलं. तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा लायसन्सखाली असतो की त्यावरून तयार केलेलं त्याच लायसन्सखाली द्यावं लागतं. ते फंक्शन आम्ही पूर्ण काढलं. ज्याने मूळ कोड कधी पाहिला नव्हता अशा सहकाऱ्याला फक्त चाचण्या दिल्या आणि म्हटलं, "या पास करून दाखव, शोधायला मात्र कुठे जाऊ नकोस." त्याचं फंक्शन ५१ ओळींचं झालं आणि जरा हळू चालतं. चालतंय.

मे महिना उजाडला तेव्हा वाटलं होतं की आता लायसन्स निवडायचं आणि सुटलो. पण तारखा ओळखण्याचा भाग, म्हणजे गाळणीचं काळीजच म्हणा, २०२० मध्ये चार महिने बाहेरून काम करणाऱ्या एका फ्रीलान्सरने लिहिला होता. नोकरीत असलेल्या माणसाने कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड बहुतेक देशांत मालकाचा धरतात. बाहेरून घेतलेल्या माणसाचं तसं आपोआप होत नाही, हक्क लेखी द्यावे लागतात. त्याच्या करारात काम, मुदत, मोबदला सगळं होतं. कॉपीराइटबद्दल एक अक्षर नव्हतं.

२ मे रोजी पाठवलेला मेल पोचलाच नाही, पत्ता बंद. एका जुन्या सहकाऱ्याकडून १९ मे रोजी नवा पत्ता मिळाला, त्यावर लिहिलं. मग वाट. या दिवसांत मी तारखांचा भाग नव्याने लिहायला किती दिवस लागतील याचाही अंदाज काढून ठेवला: सात आठवडे. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरची गोष्ट वाचून धीर धरत होते. त्यांनी २०११-१२ मध्ये जीपीएल या कडक लायसन्सवरून एलजीपीएल या थोड्या सैल लायसन्सवर जाताना शेकडो जणांची परवानगी एकेक करून मिळवली होती, मला एकाचीच हवी होती. १९ जूनला उत्तर आलं. तो प्रवासात होता. हक्क द्यायला त्याची ना नव्हती, त्याची एकच अट होती: लेखकांच्या यादीत नाव राहावं. मोबदल्याचं विचारलं तर म्हणाला, तो तेव्हाच मिळाला. ८ जुलैला सह्या झाल्या. मी त्याला लिहिलं की तुझं नाव इतिहासात पुसलं जाऊ नये म्हणूनच आम्ही इतिहास धुताना इतका त्रास घेतला. ते खरंच होतं.

या वाट बघण्याच्या काळातच लायसन्सचा वाद चालू होता, आणि आठ महिन्यांतला सर्वांत महत्त्वाचा भाग मला तोच वाटतो. विक्रीप्रमुखांना एजीपीएल हे लायसन्स हवं होतं. त्यात नेटवर्कवरून सेवा दिली तरी बदललेला कोड वापरणाऱ्यांना द्यावा लागतो, त्यामुळे स्पर्धक हात लावायला बिचकतील, आणि ज्याला ती अट नको त्याला आपण पैसे घेऊन वेगळं लायसन्स विकू. वकीलबाईंना अपाची २.० हे सैल लायसन्स हवं होतं, आणि सोबत सीएलए. म्हणजे बाहेरच्या कुणी एक ओळ जरी पाठवली तरी आधी एका करारावर सही करून आम्हाला इतके हक्क द्यायचे की पुढे आम्ही लायसन्स हवं तसं बदलू शकू.

मी सीएलएला विरोध केला. ज्या लायसन्स-बदलांनी आम्हाला पाच आठवडे धावायला लावलं, तसल्या बदलांच्या मुळाशी बरेचदा हाच कागद असतो. मोंगोडीबी, इलॅस्टिक, हॅशिकॉर्प, तिन्ही ठिकाणी कोड देणाऱ्यांकडून सीएलए घेतलेलं होतं. लोकांनी चांगल्या भावनेने दिलेलं काम एका कंपनीच्या मुठीत जमत जातं, आणि एक दिवस मूठ मिटते. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, असा कागद नाही. तिथे २००४ पासून डीसीओ चालतं: कमिटखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी एक ओळ, तिचा अर्थ 'हे मी लिहिलंय किंवा देण्याचा मला अधिकार आहे'. हक्क ज्याचे त्याच्याकडे राहतात. हजारो मालक असल्यामुळे कर्नलचं लायसन्स उद्या कुणी एकट्याने बदलू म्हटलं तर बदलता येणार नाही.

वकीलबाईंचं उत्तर मला अजून आठवतं. "तुम्ही एका माणसाच्या सहीसाठी दोन महिने थांबलात. उद्या दोनशे जण असतील आणि लायसन्समध्ये खरोखरच काही दुरुस्ती लागली, तर काय कराल?" त्यांचं चुकत नव्हतं. मी म्हटलं, ती अडचण आहेच, आणि कोड देणाऱ्याला तीच अडचण राखते. आपण खरंच चांगल्या कारणासाठी विचारलं तर लोक हो म्हणतात, तो फ्रीलान्सर म्हणालाच ना. पण विचारावं तर लागलं पाहिजे.

यावर तीन बैठका झाल्या. नुसतं डीसीओ आणि अपाची हा मार्गही मला पटत नव्हता, कारण अपाचीसारख्या सैल लायसन्सखालचा कोड सीएलए नसतानाही कुणीही, म्हणजे आम्हीही, पुढच्या बंद आवृत्तीत घेऊ शकतो. शेवटी एमपीएल २.० आणि डीसीओ यावर जमलं. २०१२ मधलं हे मोझिलाचं लायसन्स, लिबरऑफिसही त्याखाली असतं. त्याची अट फाइलपुरती असते: आमच्या फाइलमध्ये बदल करून ती पुढे दिलीत तर तो बदल खुला ठेवा, शेजारी तुमची स्वतःची बंद फाइल खुशाल ठेवा. पेटंटची परवानगी त्यातच येते. मोझिलाने पुढची आवृत्ती काढली तर तीही वापरायची सोय त्यात आहे, आणि वकीलबाईंची दुरुस्तीची काळजी त्या कलमाने बरीचशी मिटली. विक्रीप्रमुख मात्र पूर्ण राजी झाले नाहीत. एमपीएलमध्ये नेटवर्कची अट नाही, त्यामुळे एखाद्या स्पर्धकाने गाळणी बदलून स्वतःच्या सर्व्हरवर चालवली तर त्याला काहीच परत द्यावं लागणार नाही, हे त्यांनी बैठकीच्या नोंदीत लिहून घेतलं. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते नोंदीत आहे हेही बरं झालं.

नावाचा प्रश्न दहा दिवसांत सुटला. आतलं नाव पॅकेजच्या यादीत आधीच दुसऱ्या कुणाचं होतं, म्हणून बाहेरचं नाव वेगळं ठेवलं. नाव शोधताना पॅकेजच्या यादीत आणि ट्रेडमार्कच्या नोंदणीत, दोन्हीकडे बघा.

ऑगस्टमध्ये सुरक्षिततेची तयारी. इथे मी हट्ट धरला की रेपो सांभाळणारे किमान दोघे हवेत आणि त्यांच्या कामाच्या तासांत ते लिहिलेलं हवं. मार्च २०२४ मधली एक्सझेडची घटना डोळ्यांसमोर होती. जगभरच्या लिनक्स यंत्रणांत असलेली डेटा दाबून लहान करणारी एक लायब्ररी, सांभाळणारा थकलेला माणूस जवळजवळ एकटा, आणि दोनेक वर्षं मदतीच्या मिषाने विश्वास कमावत ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार बसवणारं कुणीतरी. लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा उशीर का होतोय हे आंद्रेस फ्रॉइंड या एका इंजिनिअरने खणून काढलं म्हणून ते २९ मार्चला उघड झालं. ज्या उद्योगाचा सगळा डोलारा अशा कोडवर उभा आहे त्याने तो सांभाळणाऱ्या माणसांच्या वेळेची व्यवस्था करू नये, याचा मला राग येतो. आम्ही दोघांसाठी आठवड्याचे प्रत्येकी चार तास मंजूर करून घेतले. सुरुवातीला "लागले तर देऊ" असं सांगितलं गेलं होतं. तेवढ्यावर थांबू नका, आकडा लिहून घ्या.

पैशाचा आकडा सांगण्यात अर्थ नाही, तास सांगते. माझे आणि सहकाऱ्यांचे मिळून २१२ तास: ६४ इतिहास आणि नमुन्यांत, ५८ डिपेंडन्सीत, ३० लायसन्सच्या बैठकांत, २१ फ्रीलान्सरच्या पत्रव्यवहारात, बाकीचे ३९ कागदपत्रं आणि माहितीपत्रकात. वकीलबाईंचे १९ तास वेगळे. आठ महिन्यांतला बहुतेक वेळ कुणाच्या तरी उत्तराची वाट बघण्यात गेला. पुन्हा करायचं झालं तर बाहेरच्या माणसांच्या सह्या मी पहिल्या आठवड्यात मागेन, बाकी सगळं ती वाट बघता बघता करता येतं.

१६ सप्टेंबरला बटण दाबलं, आणि काही झालं नाही. नऊ दिवस कुणी फिरकलं नाही. २५ तारखेला पहिला प्रश्न आला, इन्स्टॉल होत नाही म्हणून. आमच्याच माहितीपत्रकात एक पायरी राहिली होती. ज्या तीन ग्राहकांनी विचारलं होतं त्यांतल्या एकाने कोड खरोखर वाचला आणि दोन प्रश्न पाठवले. एका स्पर्धक कंपनीने तो वापरायला सुरुवात केल्याचं त्यांच्या उत्पादनातल्या लायसन्सच्या यादीवरून कळलं. विक्रीप्रमुखांनी ते पान मला पाठवलं, सोबत काही लिहिलं नव्हतं. मी उत्तर दिलं की लायसन्सप्रमाणे आहे, आणि यादीत आपलं नाव नीट दिलंय. यावर आमचं अजून बोलणं झालेलं नाही.

११ ऑक्टोबरला पहिली खरी दुरुस्ती आली. पाठवणारी व्यक्ती अनोळखी, फारसीत काम करणारी. गाळणीत अगदी पहिल्या वर्षापासून एक नियम होता: 'अदृश्य अक्षरं काढून टाका'. आकड्यांमागची ती न दिसणारी जागा जावी म्हणून. त्या नियमात शून्य रुंदीचे जोडक आणि विभाजकही काढले जात. तिने लिहिलं होतं की फारसीत हा विभाजक शब्दाच्या लेखनाचा भाग आहे, तुम्ही तो काढता तेव्हा आमचे शब्द चुकीचे जोडले जातात. सोबत तीन उदाहरणं, चार ओळींचा बदल, दोन चाचण्या, आणि खाली साइन्ड-ऑफ-बाय.

ते वाचता वाचता मला काहीतरी सुचलं आणि मी जुनी आवृत्ती चालवून तिच्यात एकच शब्द टाकला: कुऱ्हाड. मराठीतला हा ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो, त्यातल्या एकीत र आणि ह यांच्यामध्ये तो न दिसणारा जोडक बसतो. तसा टाइप केलेला शब्द मी आत सोडला. बाहेर आला तो 'कुर्हाड'. रफार थेट ह च्या डोक्यावर. सहा वर्षं आमची गाळणी माझ्याच भाषेतले शब्द असे मोडत होती, माझ्या हाताखाली तीन वर्षं, आणि ते मला दुसऱ्या भाषेतल्या एका अनोळखी व्यक्तीने दाखवून दिलं.

तिचा बदल मी त्याच संध्याकाळी घेतला आणि तिच्या दोन चाचण्यांखाली माझी तिसरी लिहिली. आत 'कुऱ्हाड', बाहेर 'कुऱ्हाड'. लेखकांच्या यादीत फ्रीलान्सरच्या नावाखाली आता तिचं नाव आहे.